लहान क्लबचा क्रॉस कंट्री हंगाम: संघ पूर्ण कसा ठेवायचा

क्रॉस कंट्री म्हणजे गवत, चिखल, चढ यांवरून धावण्याची शर्यत. तिच्या लीगमध्ये गुण धावकाच्या क्रमांकावरून मिळतात. पहिल्याला १, चाळिसाव्याला ४०. संघातल्या पहिल्या ठरावीक धावकांच्या गुणांची बेरीज ज्या संघाची सर्वांत कमी, तो पुढे. मोजले जाणारे धावक कुठे ४ असतात, कुठे ६, म्हणून नियमपत्रक आधी वाचा. लहान क्लब हरतो तो बहुधा वेगामुळे नाही, माणसं कमी पडल्यामुळे. ६ जण मोजले जाणार असतील तर ९ जणांचा होकार घ्या. सर्दी, लग्नकार्य, मुरगळलेला घोटा यांत दोन-तीन जण गळतातच. सगळ्या तारखा हंगामाआधीच कळवा आणि शर्यतीच्या चार दिवस आधी पुन्हा विचारा. ‘बघतो’ म्हणजे नाही, असंच धरा.

बुटांचे खिळे मैदान पाहून निवडा: कोरड्या, टणक जमिनीला ६ मिमी, ओल्या गवताला ९ किंवा १२, खोल चिखलाला १५. लांब खिळे टणक वाटेवर पोटरी आणि टाच दुखवतात. शर्यतीनंतर खिळे काढून त्यांच्या आट्यांना (स्क्रूसारख्या पेचांना) थोडं ग्रीस लावा, नाहीतर गंजून अडकतात आणि खिळे काढायची चावी नुसतीच फिरते. बूट हीटरजवळ वाळवू नका, तळव्याचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

शर्यतीआधी, सुरुवातीच्या रेषेपासून वाट किती अंतरावर अरुंद होते ते चालत जाऊन पाहा. तिथपर्यंत जागा पकडायची, पण पूर्ण वेगाने नाही. चिखलात पावलं लहान, चढावर नजर चारपाच मीटर पुढे. आणि नाड्यांना दुहेरी गाठ.