सिबिलमधली चूक: आकडा नको, ओळी वाचा

घरकर्जाच्या अर्जावर बँकेतले साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचं सिबिल बिघडलंय." बावीस वर्षं शाळेत नोकरी केली, एक हप्ता बुडवला नाही, तरी माझी मान खाली गेली. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी रिपोर्ट, म्हणजे तुमची कर्जं आणि ती कशी फेडली याची नोंद, मागवा.

आपल्याकडे असा रिपोर्ट चार कंपन्या ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपण स्वतः पाहिल्यानं स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून काढलेला आकडा, उतरत नाही. चारही काढा, कारण एकीकडे असलेली चूक दुसरीकडे असेलच असं नाही.

३०० ते ९०० मधल्या त्या आकड्याकडे सगळे बघत बसतात. खरी गोष्ट खाली, कर्जांच्या यादीत असते. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते तपासा; कधीच न राहिलेल्या गावाचा पत्ता दिसला तर दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर चढलं असण्याची शक्यता धरा. मग एकेक कर्ज घ्या. सिबिलच्या रिपोर्टात प्रत्येकाखाली महिन्यांचे छत्तीसपर्यंत चौकोन असतात. '०००' म्हणजे हप्ता वेळेवर, 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती आलीच नाही, आणि दुसरा कुठला आकडा असेल तर तितके दिवस थकबाकी. आम्हा शिक्षकांत एकमेकांना जामीन राहायची पद्धत आहे. ते कर्जही आपल्या रिपोर्टात येतं. ती चूक नव्हे, पण त्याचे हप्ते कसे चाललेत ते जरूर बघा.

माझी चूक स्कूटरच्या कर्जात सापडली. कर्ज २०१९ मध्ये फिटलं, नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला मिळाला, आरसीवरचा बोजाही उतरला. तरी रिपोर्टात १,१८० रुपये बाकी, आणि चौकोनांत थकबाकीचे दिवस वाढतच गेलेले. कधीकाळी एक चेक परत गेला होता, त्याचा दंड कर्ज देणाऱ्यांच्या वहीत तसाच राहिला होता.

मी त्यांना फोन केला तर तिथले वसुलीवाले म्हणाले, "हजार भरा, सेटलमेंट करून टाकू." कटकट मिटेल म्हणून मी तयारही झाले होते. कृपा करून हे करू नका. असे कमी पैसे देऊन मिटवलेल्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' हवं. 'सेटल्ड'चा अर्थ पुढची बँक असा घेते, की या माणसानं सगळे पैसे दिले नाहीत. जे देणं नाही ते हजार रुपयांसाठीसुद्धा कबूल करू नये.

तक्रार ज्या कंपनीच्या रिपोर्टात चूक आहे तिच्या संकेतस्थळावर करायची, पैसे लागत नाहीत. पण ती कंपनी परस्पर खोडाखोड करत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. म्हणून त्याच दिवशी मी कर्ज देणाऱ्याच्या शाखेत लेखी अर्ज दिला: खाते क्रमांक, चुकीची ओळ, बरोबर काय हवं ते, सोबत नो ड्यूजची आणि शेवटच्या पावतीची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठले नाही. फोनवरच्या गोड बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही, ही पोचच कामी येते.

तक्रारीपासून तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. २६ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की तीस दिवसांवर गेल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. अर्जात हा नियम लिहा. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, फुकट तक्रार करता येते. २०२२ पासून या चार कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

मधल्या काळात 'इथे नाही तर तिथे' म्हणून चार बँकांत अर्ज टाकू नका. बँकेनं केलेली प्रत्येक चौकशी रिपोर्टात नोंदली जाते. मी थांबले. चोविसाव्या दिवशी दुरुस्ती झाल्याचा मेल आला, तरी लगेच विश्वास ठेवला नाही. नवा रिपोर्ट काढला, स्कूटरच्या ओळीपुढे 'क्लोज्ड' आणि बाकी शून्य पाहिलं, चौकोनही तपासले. मग त्याच साहेबांच्या टेबलावर अर्ज पुन्हा ठेवला.