पाणथळीवरची शालेय क्षेत्रभेट : नांदूर मध्यमेश्वरच्या निमित्ताने शिक्षकांसाठी मार्गदर्शन

शाळेची पहिली निसर्गसहल मी नेली, तेव्हा एका दिवसात एक मंदिर, एक धरण आणि एक पक्षी अभयारण्य उरकण्याचा बेत होता. अभयारण्यात पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, ऊन चढले होते, पक्षी दूरच्या बेटांवर जाऊन बसले होते आणि नव्वद मुलांमध्ये दोन दुर्बिणी होत्या. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने वहीत लिहिले : ‘आम्ही बदके पाहिली. जेवण छान होते.’ त्याच्या लिहिण्यात काहीच चूक नव्हती, कारण त्या दिवशी पाहण्यासारखे तेवढेच आम्ही त्याच्यासमोर ठेवले होते. त्यानंतर एका सहलीत एकच अधिवास हा नियम मी पाळत आलो आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच नियमाभोवती बेतलेल्या आहेत.

जागा आणि वेळ

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तो ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला. बंधाऱ्यामुळे नदीचा वेग मंदावला, तिने आणलेला गाळ वर्षानुवर्षे तळाशी बसत गेला आणि त्यातून उथळ पाणी, चिखलाची बेटे आणि पाणवनस्पतींचे पट्टे तयार झाले. सिंचनाच्या दृष्टीने गाळ ही डोकेदुखी असली, तरी पक्ष्यांसाठी त्यानेच ही जागा घडवली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) होण्याचा मान याच पाणथळीला मिळाला. राजस्थानातील प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असे तिला म्हटले जाते. मुलांना मात्र भरतपूर दाखवण्याआधी गाळ दाखवावा.

त्यासाठी सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात एक प्रयोग करावा. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून झाकण घट्ट लावावे, बरणी जोराने हलवावी आणि टेबलावर ठेवून द्यावी. वाळूचे कण काही क्षणांत खाली बसतात, बारीक माती कितीतरी वेळ तरंगत राहते आणि दुसऱ्या दिवशी तळाशी थर मोजता येतो. ‘हलणारी बरणी म्हणजे नदी आणि ठेवलेली बरणी म्हणजे बंधारा’ एवढे सांगितले की पुढचे मुले आपणहून जुळवतात. दहावीच्या भूगोलात क्षेत्रभेटीचे प्रकरणच आहे. तरीही ही तयारी सातवी-आठवीपासून सुरू करायला हरकत नाही.

सहलीसाठी डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. आपल्याकडे निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि शाळांना तोच मुहूर्त सोयीचा वाटतो. पण उत्तरेकडून येणारी स्थलांतरित बदके तोवर पुरेशी आलेली नसतात. स्नेहसंमेलनाच्या तारखांशी ओढाताण होते, हे खरे आहे. तरीही संमेलनाची तारीख शाळेच्या हातात असते, पक्ष्यांची नसते. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवसही चांगला पर्याय आहे. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार त्याच तारखेला झाला होता.

नाशिकहून अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. सकाळी सातच्या सुमारास काठावर असावे, म्हणजे साडेपाचला शाळेतून निघावे. निफाडची थंडी राज्यभर प्रसिद्ध आहे. डिसेंबरच्या पहाटे द्राक्षबागांवर धुके असते आणि पातळ स्वेटर घालून आलेली मुले पहिला तासभर पक्ष्यांऐवजी स्वतःच्या बोटांकडेच पाहत राहतात. म्हणून कानटोपी आणि जाड स्वेटर यांचा उल्लेख पालकांच्या पत्रात ठळकपणे करावा.

निघण्यापूर्वीची कामे

मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचे लेखी संमतीपत्र आणि वन विभागाला आगाऊ सूचना ही तिन्ही कामे महिनाभर आधी सुरू करावीत. गाडीसाठी एसटीच्या प्रासंगिक कराराची, म्हणजे पूर्ण बस भाड्याने घेण्याची, चौकशी करावी. शालेय सहलींना भाड्यात सवलत मिळते. संमतीपत्रात दमा, फिट, मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आणि नेहमीची औषधे यांसाठी वेगळा रकाना ठेवावा, कारण ‘काही आजार आहे का?’ या एकाच प्रश्नाला बहुतेक पालक ‘नाही’ असेच उत्तर देतात.

आदल्या आठवड्यात एका शिक्षकाने स्वतः जागेवर जाऊन यावे. ही फेरी टाळण्याचा मोह होतो, पण ती टाळू नये. गाडी कुठे वळते, चापडगावच्या बाजूच्या निरीक्षण मनोऱ्यांवर एका वेळी किती मुले सुरक्षित उभी राहू शकतात, सकाळी कोणत्या ठिकाणी उभे राहिल्यास सूर्य पाठीशी राहतो, कुठल्या झाडावर आग्यामोहोळ आहे आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, या पाच गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाहीत. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती सोय नसेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी कुणाचे तरी डोके दुखू लागते.

चाळीसपेक्षा जास्त मुले एका वेळी नेऊ नयेत. आठ-आठ मुलांचे पाच गट करावेत आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठी व्यक्ती असावी. प्रत्येक गटाकडे किमान दोन दुर्बिणी असाव्यात. दुर्बिणीवर ‘८×४०’ असे लिहिलेले असते. त्यातील आठ म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते तो आकडा आणि चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. मुलांसाठी आठपट पुरे, कारण त्याहून जास्त पटीत हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. शाळेच्या मैदानावर विजेच्या खांबावरील क्रमांक वाचायला लावून एक तास सराव करून घ्यावा, नाहीतर अभयारण्यातला पहिला अर्धा तास ‘सर, काहीच दिसत नाही’ यातच जातो. स्थानिक गाइडकडे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (दूरचे पक्षी मोठे दाखवणारी एकनळी दुर्बीण) असेल, तर त्याचे वेगळे पैसे जरूर द्यावेत. या गावांतील तरुणांचे पाणथळीविषयीचे ज्ञान आपल्या पुस्तकी माहितीपेक्षा खूप पुढचे असते.

गणवेशाचा पांढरा शर्ट त्या दिवशी नको; खाकी, करडे किंवा मातकट कपडे चालतील. अत्तर आणि सुगंधी तेल मधमाश्यांमुळे टाळावे.

काठावरचे तीन तास

पहिली दहा मिनिटे कुणीही बोलू नये, दुर्बीण डोळ्यांना लावू नये आणि नावेही विचारू नयेत. नुसते बसावे. मुलांना हे जमत नाही असे शिक्षकांना वाटते. प्रत्यक्षात ते शिक्षकांनाच जड जाते.

त्यानंतर गटांना एकच काम द्यावे : कोणता पक्षी किती खोल पाण्यात आहे आणि तो तिथे काय करतो आहे, हे पाहावे. वहीत आधीच पाण्याचा एक आडवा छेद काढलेला असावा, डावीकडे कोरडा काठ, मग ओला चिखल, घोट्याएवढे पाणी, गुडघ्याएवढे पाणी आणि उजवीकडे खोल पाणी. दिसलेला पक्षी त्या त्या जागी खूण करून मांडावा. नाव माहीत नसेल, तर ‘लांब लाल पायांचा’ एवढे लिहिले तरी चालेल.

हळूहळू जे चित्र तयार होते, तेच या सहलीचे सार आहे. चिखलाच्या कडेला तुतवार शेपटी वरखाली हलवत किडे टिपतो. त्याच्या पलीकडे शेकाट्या आपल्या लांबच लांब गुलाबी-लाल पायांवर, जिथे तुतवार बुडेल अशा पाण्यात, निवांत उभा असतो. आणखी आत चमचा हा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे विळ्यासारखी फिरवत चालतो. त्याला मासा दिसावा लागत नाही, चोचीला स्पर्श झाला की ती मिटते. गढूळ पाण्यात ही युक्ती किती उपयोगाची आहे, हे मुलांना विचारावे आणि त्याच वेळी बरणीतल्या गाळाची आठवण करून द्यावी. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच पाणी गाळते, तर तलवार बदक डोके पाण्यात घालून शेपूट आकाशाकडे करते. टिबुकली पूर्ण बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते; ती कुठे वर येईल याची पैज मुले आपणहून लावतात, आणि ती लावू द्यावी.

पाणवनस्पतींच्या पानांवर कमळपक्षी चालताना दिसला, तर स्कोप त्याच्या पायांवर लावून प्रत्येक मुलाला एकेक मिनिट पाहू द्यावे. त्याची बोटे शरीराच्या मानाने इतकी लांब असतात की वजन अनेक पानांवर विभागले जाते. चिखलात फळी टाकून चालण्यामागेही हेच तत्त्व असते. शेजारीच जांभळी पाणकोंबडी देठ पायात धरून, आपण ऊस सोलावा तसा, चोचीने सोलून खाताना दिसते. मग वारकऱ्याकडे वळावे. काळ्या अंगाच्या या पाणपक्ष्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो आणि उडण्यापूर्वी तो पाण्यावरून लांबवर पळत जातो. आमच्या भागातल्या मुलांना हे नाव एकदा सांगितले की ती ते कधीच विसरत नाहीत, कारण दिंडीतला धावा त्यांनी पाहिलेला असतो.

थवे मोजण्याचे काम गणिताच्या शिक्षकांकडे द्यावे. आधी दहा पक्षी मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत ठेवावी आणि तेवढ्या जागा थव्यात किती बसतात, ते पाहावे. दोन गटांनी एकमेकांना न विचारता तोच थवा मोजावा. एका गटाचे २२० आणि दुसऱ्याचे ३५० आले, तर कुणालाही चूक म्हणू नये. फरक का पडला याची चर्चा तिथेच करावी. दरम्यान एखादा शिकारी पक्षी पाण्यालगत उडत आला आणि सारा थवा एकदम उठला, तर मोजणी सोडून द्यावी आणि पाहत राहावे.

पट्टकदंब हंस दिसले तर सहलीचे नशीब म्हणायचे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूला वीण करून हिमालय ओलांडून येतात. ते पहाटे किंवा संध्याकाळी शेतांकडे चरायला जातात, त्यामुळे दहानंतर पाण्यावरच विसावलेले आढळतात.

जलपर्णीचा विषय टाळू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती कमळपक्ष्याला चालायला जागा देते, पण तिने पाणी झाकले की बदकांना पोहायला आणि बुडी मारायला जागा उरत नाही. ती काढावी की ठेवावी, असा प्रश्न मुलांसमोर टाकून उत्तर शिक्षकांनी देऊ नये.

काही कडक नियम

काठावरचा गाळ वरून कोरडा दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. पाणी आणि मुले यांच्यामध्ये नेहमी एक मोठी व्यक्ती असावी आणि सेल्फीसाठी कुणीही पुढे जाऊ नये. निफाड तालुक्यातील उसात बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे आडोशासाठीसुद्धा मुलांनी उसाच्या शेतात शिरू नये. गाडीतून उतरताना, मनोऱ्यावरून खाली आल्यावर आणि निघताना हजेरी मोठ्याने न घेता गटप्रमुखाने बोटांवर मोजून घ्यावी. अभयारण्यातून पीस, अंडे, घरटे किंवा शिंपला यांपैकी काहीही आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हा केवळ वाघांसाठी नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. पक्ष्यांना पोळी किंवा कुरकुरे टाकू नयेत आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावू नये. डबे काठापासून दूर, गाडीजवळ उघडावेत.

ज्यांना ही जागा लांब पडते, त्यांनी हीच पद्धत आपल्या जवळच्या अधिवासाला लावावी. खडकाळ किनाऱ्यावरच्या शाळांनी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी गाठावी आणि पाण्याच्या खोलीऐवजी भरतीच्या रेषेपासूनचे अंतर मोजावे. माळरानाजवळच्या शाळांनी मीटरभर लांब-रुंद सुतळीचा चौकोन टाकून त्यातले गवत, मुंग्या आणि विष्ठा यांची नोंद करावी. देवराईत जाताना गावकऱ्यांचे नियम आधी विचारून घ्यावेत. तिथे चपला कुठे काढायच्या हेसुद्धा ठरलेले असते.

परतल्यावर

दुसऱ्याच दिवशी, आठवण ताजी असताना, फळ्याच्या लांबीचा कागद भिंतीवर लावून त्यावर पाण्याचा तोच छेद मोठा काढावा आणि प्रत्येक गटाने आपले पक्षी योग्य खोलीवर चिकटवावेत. दोन गटांचे मत जिथे जुळत नाही, तिथे प्रश्नचिन्ह लावावे. पक्ष्यांची नावे पाठ करून घेणारी चाचणी घेऊ नये. तीस नावे उतरवून घेतलेल्या वहीला मी पैकीच्या पैकी गुण देत नाही, पण एका मुलीने ‘थापट्या एकाच जागी गोल गोल का फिरत होता?’ असे लिहिले होते, तिला दिले. फिरण्याने तळातले अन्न वर येते, हे उत्तर तिने दोन दिवसांनी वाचनालयात बसून शोधले.

न सुटलेल्या प्रश्नांसाठी वेगळी वही ठेवावी आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्या वर्गाच्या हाती निघण्यापूर्वी ती द्यावी. शक्य झाल्यास मे महिन्यात, पाणी आटलेले असताना, चार-पाच मुलांना पालकांसह त्याच मनोऱ्यावर पुन्हा न्यावे आणि जानेवारीचा छेद सोबत ठेवून नवा छेद काढायला सांगावे.