एमटेक-पीएचडीची मुलाखत आणि निकालाची वाट : इंदूरच्या विद्यार्थ्यांसाठी

मुलाखतीचं पत्र येतं तेव्हा हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. बरेचजण त्यात सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात. तो संपत नाही, आणि संपला तरी उपयोग होत नाही. तुम्हाला सगळ्यातलं थोडं थोडं येतं हे गेट, नेट किंवा जेस्ट या प्रवेश परीक्षांच्या गुणांवरून पॅनेलला कळलेलंच असतं. त्यांना बघायचं असतं ते वेगळंच: तुम्हाला एखादी गोष्ट मुळापासून येते का, आणि अडल्यावर तुम्ही काय करता. म्हणून दोनच विषय निवडा, फार तर तीन. एक तुमच्या प्रोजेक्टशी जोडलेला आणि एक पायाभूत. गणित, थर्मोडायनॅमिक्स, सिग्नल्स, मॉलिक्युलर बायॉलॉजी, जे तुमचं असेल ते.

‘तुमचा आवडता विषय कोणता?’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेला. याचं उत्तर आयत्या वेळी ठरवू नका, कारण पुढची पंधरा मिनिटं त्यावरच जातात. ‘लिनियर अल्जेब्रा’ म्हणालात तर असं काहीसं होईल. एका २ बाय २ मॅट्रिक्सच्या दोन्ही आयगेन व्हॅल्यू शून्य आहेत, मग ती मॅट्रिक्स शून्यच असेल का? घाईत ‘हो’ म्हणणारे खूप. खरं उत्तर ‘नाही’: वरच्या ओळीत ०, १ आणि खालच्या ओळीत ०, ० लिहा, दोन्ही आयगेन व्हॅल्यू शून्य येतात. मग विचारतील, वर्ग केला तर? शून्य येतो, आणि दोन्ही आयगेन व्हॅल्यू शून्य असलेल्या कुठल्याही २ बाय २ मॅट्रिक्सचा तो येतोच. का, ते सांगता आलं पाहिजे. मग, मॅट्रिक्स सिमेट्रिक आणि सगळे आकडे रिअल असतील तर? तेव्हा मात्र ती शून्यच असावी लागते. तीन पायऱ्यांत पॅनेलला कळतं की व्याख्या पाठ आहे की विषय कळलाय. आपल्या विषयातल्या अशा दहा-बारा साखळ्या स्वतः तयार करा. प्रत्येक व्याख्येला एक उदाहरण, एक उलट उदाहरण आणि ‘ही अट काढली तर काय होईल?’ हा प्रश्न. हा सराव वहीत गुपचूप नको, फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर उभं राहून, मोठ्याने बोलत करा. लिहिताना बोलणं ही वेगळी सवय आहे आणि ती चार दिवसांत लागत नाही.

उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका आणि ठोकूनही देऊ नका. ‘हे मला थेट माहीत नाही, पण अमुक गृहीत धरलं तर असं वाटतं’ म्हणा आणि पहिली पायरी लिहा. पॅनेलमधले बहुतेकजण मग इशारा देतात. तो उचलून पुढे गेलात तर ते अपयश नसतं. खरं तर मुलाखतीतला सगळ्यात चांगला भाग बहुधा तिथेच होतो.

प्रोजेक्ट

जास्तीत जास्त घसरगुंडी होते ती स्वतःच्याच प्रोजेक्टवर. चौघांनी मिळून केलेला असतो, रिपोर्ट एकाने लिहिलेला असतो आणि मुलाखतीत चौघेही ‘आम्ही केलं’ म्हणतात. पॅनेलचा दुसराच प्रश्न येतो: यात तुम्ही स्वतः काय केलं? म्हणून ‘आम्ही’ आणि ‘मी’ आधीच वेगळं करून ठेवा. नव्वद सेकंदांत बसेल इतकंच तयार करा: प्रश्न काय होता, तुम्ही काय केलं, काय निघालं, काय राहिलं.

आकडा सांगितलात की त्याचा जाब द्यावा लागतो. मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टमध्ये ‘९४ टक्के अॅक्युरसी’ असं अभिमानाने सांगतात. पॅनेल विचारतं, दोन गटांचं प्रमाण किती होतं? शंभरातले ९५ नमुने एकाच गटातले असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना तोच गट दिला तरी ९५ टक्के येतात, म्हणजे तुमचं मॉडेल त्याच्याही मागे. प्रयोगशाळेतल्या कामाचंही तसंच. १० मिलिमोलर स्टॉकपासून ५० मायक्रोलीटरमध्ये १ मिलिमोलर हवं असेल तर किती घ्याल? ५ मायक्रोलीटर. हे तोंडी सांगता आलं नाही तर प्रयोग दुसऱ्याने केला असं धरलं जातं. रिपोर्टमधला प्रत्येक आकडा, प्रत्येक आलेखाचे अक्ष आणि एकके, आणि ‘हीच पद्धत का?’ याचं उत्तर, हे सगळं घोटून ठेवा. गाईडने सांगितलं म्हणून केलं, हे उत्तर चालत नाही.

बायोडेटामध्ये लिहिलेला प्रत्येक शब्द विचारण्याजोगा असतो. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये कानावर पडलेलं सॉफ्टवेअर तिथून काढून टाका.

भाषा आणि सराव

इंदूरच्या मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी घरी मराठी, कॉलेजात हिंदी बोलते आणि मुलाखत इंग्रजीत देते. ज्ञान असतं, वाक्य सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे इंग्रजी सुधारायला बसणं नव्हे, ठरावीक तीसेक वाक्यं तोंडात बसवणं: ‘असं गृहीत धरू या’, ‘ही अट लागू होत नाही कारण’, ‘एक मिनिट विचार करू का?’ एवढी इंग्रजीत सहज आली की बाकीचं फळा सांभाळतो. अगदीच अडलं तर हिंदीत सांगू का, असं विचारायला हरकत नसते. मात्र बंगळूर-चेन्नईकडच्या पॅनेलमध्ये सगळ्यांना हिंदी कळेलच असं नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका.

सरावाला माणसं इथेच आहेत. राजेंद्रनगरच्या मराठी वस्तीत आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रात, म्हणजे आपल्या ‘कॅट’मध्ये, काम केलेलं कोणी ना कोणी ओळखीत निघतं. ‘काका, अर्धा तास द्याल का? मला प्रश्न विचारा आणि मध्ये मध्ये अडवा’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ. खंडवा रोडवर विद्यापीठाचे विभाग आहेत, पुढे सिमरोलला आयआयटी आहे. तिथले पीएचडी करणारे विद्यार्थी नुकतेच या मुलाखतीतून गेलेले असतात. सराव घेणारा तुमच्या विषयाचा नसला तरी चालतो. ‘का?’ विचारत राहणारा हवा.

विद्यापीठांच्या पीएचडीबद्दल

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली तर लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळालेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. उरलेल्या दोन गटांसाठी नेटचे ७० आणि मुलाखतीचे ३०, आणि पीएचडीसाठी ते गुण एकच वर्ष चालतात. गुण चांगले असूनही प्रवेश अडतो तो बहुधा गाईडपाशी. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चारच संशोधक असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवे घेता येत नाहीत. म्हणून मुलाखतीआधीच विभागात जाऊन कोणाकडे जागा रिकामी आहे ते विचारा, त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाचा आणि आपला विषय तिथे उपलब्ध असलेल्या साधनांत होण्यासारखा आहे का ते बघा. पॅनेल नेमकं हेच तपासतं.

मुलाखतीचा दिवस

ऑनलाइन मुलाखती बहुधा मे-जूनमध्ये येतात, म्हणजे इंदुरात उकाडा आणि वळवाच्या पावसाने वीज जाण्याचे दिवस. इन्व्हर्टरवर राउटर चालतो का ते आधी बघा आणि मोबाइलचा डेटा पॅक भरून ठेवा. लिहून दाखवायला दुसरा मोबाइल पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवून कॅमेरा खाली कागदाकडे करा आणि त्याच मीटिंगमध्ये दुसरा सदस्य म्हणून जोडा. त्या मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत, नाहीतर आवाज घुमतो. बॉलपेनची रेघ कॅमेऱ्यात दिसत नाही, काळं स्केचपेन घ्या. छताचा पंखा कागद उडवतो आणि माइकमध्ये घरघरतो. कूलर तर नकोच. कपाटाआड टेबलफॅन लावा. आणि घरच्यांना सांगून ठेवा की त्या तासात बेल वाजली तरी कोणी हाक मारायची नाही.

समक्ष जायचं असेल तर आदल्या दिवशी पोचा. मुंबईला संध्याकाळची अवंतिका धरली की पहाटे उतरता, पण त्याच सकाळी मुलाखत असेल तर गाडी उशिरा झाल्यावर हाती काही राहत नाही. पवईला आयआयटीत जायचं असेल तर बोरिवलीलाच उतरा, कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत जायचं असेल तर मुंबई सेंट्रलपर्यंत जा. सोबत मूळ मार्कशीट, दोन झेरॉक्स संच, स्कोअरकार्ड, ओळखपत्र, फोटो आणि नोकरी करत असाल तर एनओसी. तिकीट जपून ठेवा, काही संस्था प्रवासखर्च देतात.

वाट बघण्याचे दिवस

मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढा. दुसरी मुलाखत आठवड्यावर असते आणि प्रश्न फिरून येतात. त्यानंतर एक काम असं आहे की जे निकाल लागल्यावर नीट होत नाही: पसंतीची यादी. संस्था आणि शाखा यांची एकच उतरती यादी आत्ताच, डोकं शांत असताना, घरच्यांसमोर बसून करा. नाव मोठं की विषय हवा तो, घरापासून लांब चालेल का, महिन्याला किती मिळणार (गेटवरच्या एमटेकला १२,४००, जेआरएफला पहिली दोन वर्षं ३७,००० रुपये) हे सगळं तेव्हाच बोलून घ्या.

याची खरी गरज कोॲपवर पडते. आयआयटीच्या एमटेकच्या ऑफर या पोर्टलवर दिसतात, पण तिथे नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे. प्रत्येक संस्थेकडे अर्ज वेगळा करावा लागतो, आणि नुसता अर्ज केला पण कोॲपवर नोंदणी केली नाही तर ऑफर दिसत नाही. दोन्ही बाजूंनी चुकणारे दर वर्षी असतात. ऑफर आली की तीन पर्याय: स्वीकारून तिथेच थांबणं, हातात ठेवून पुढची वाट बघणं, किंवा नाकारून वाट बघणं. पहिला निवडलात की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. मुदत फार थोडी असते आणि काहीच निवडलं नाही तर नाकारलं असं धरतात. म्हणून फेरीच्या तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा. आईबाबांनाही मग कळतं की कोणत्या दिवशी विचारायचं आणि कोणत्या दिवशी विचारण्यात अर्थ नाही. पाहुण्यांच्या ‘काय झालं मग?’ला मग आईबाबाच उत्तर देतात. एनआयटीसाठी सीसीएमटी हे वेगळं पोर्टल आहे. पीएचडीचं उत्तर बहुधा थेट ईमेलने येतं, तेव्हा स्पॅमही रोज बघा.

कागदपत्रांचं कामही याच दिवसांत. ओबीसी-एनसीएल (नॉन क्रीमी लेयर) आणि ईडब्ल्यूएस दाखला चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा लागतो आणि तो केंद्र सरकारच्या नमुन्यात हवा. मध्य प्रदेशचा डिजिटल जातीचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात लोक सेवा केंद्रात अर्ज टाका, कारण ऑफर आल्यावर धावाधाव केली तर मुदत निघून जाते. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लांबला तर तात्पुरता प्रवेश मिळतो, पण मार्कशीट कधीपर्यंत द्यायची ती तारीख ऑफरपत्रात असते. ती बघा आणि मायग्रेशनचा अर्ज निकाल लागला त्याच आठवड्यात करा. कॉलेज स्वायत्त असेल तर मार्कशीट एकीकडून आणि पदवी दुसरीकडून येते. इंदूरच्या जीएसआयटीएस कॉलेजची पदवी भोपाळहून, आरजीपीव्ही या विद्यापीठाकडून येते, हे धरून चाला.

सांगितलेली तारीख उलटून दोन आठवडे झाले तरच ऑफिसला एक ईमेल पाठवा. विषयात अर्ज क्रमांक, आत तीन ओळी. पॅनेलमधल्या प्राध्यापकांना लिहू नका. प्रतीक्षा यादीत असाल तर क्रमांक विचारा आणि गेल्या वर्षी यादी कुठपर्यंत गेली हेही विचारा. बरीच ऑफिसं सांगतात.

अमेरिकेच्या पीएचडीचे अर्ज असतील तर वेळेचं गणित आधी करा. जानेवारीत न्यूयॉर्कची सकाळी दहाची वेळ म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ, कॅलिफोर्नियाची दहाची म्हणजे रात्री साडेअकरा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे जातात आणि दोन्ही वेळा एक तास अलीकडे येतात. त्या आठवड्यातल्या मुलाखती चुकतात त्या यामुळेच. आर्थिक साहाय्यासह आलेल्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंतचा वेळ देण्याचं तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेलं आहे, तेव्हा कोणी घाई केली तर नम्रपणे त्या तारखेचा उल्लेख करा. जी ऑफर घ्यायचीच नाही ती मात्र अडवून ठेवू नका, त्याच दिवशी कळवा. तुमच्यामागे प्रतीक्षा यादीत कोणीतरी तुमच्यासारखंच रोज मेल उघडून बघत असतं. जर्मनीत मास्टर्सला जायचं असेल तर एपीएस प्रमाणपत्र (आपल्या पदवीच्या कागदपत्रांची पडताळणी) लागतं आणि ते मिळायला वेळ जातो, म्हणून त्याचा अर्ज विद्यापीठाच्या अर्जाच्याही आधी करा.