फ्लॉरेन्स ते व्हेनिस, आरक्षणाशिवाय

युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेने फिरायचा युरेल पास हातात असला तरी इटलीत वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचं, आणि त्याचे पैसे वेगळे. फ्लॉरेन्सहून निघायच्या सकाळी आम्हा दोघींना सोयीच्या गाडीत जागाच मिळेना. मैत्रिणीचं तोंड उतरलं.

मग पासच्या मोबाइल ॲपमध्ये आरक्षण न लागणाऱ्या गाड्या तेवढ्या शोधल्या. आधी प्रातो, मग बोलोन्या, तिथून व्हेनिस, सगळ्या प्रादेशिक. चढण्याआधी प्रत्येक गाडी पासमध्ये जोडायची, तपासनीस क्यूआर कोड बघतो. वेळ बराच जास्त जातो, पण कुठेही उतरता येतं!

आम्ही फेराराला उतरलो. १३८५ साली बांधायला घेतलेला लाल विटांचा किल्ला ऐन गावात, भोवतीच्या खंदकात अजून पाणी. वेगवान गाडीतून हे दिसलंच नसतं. व्हेनिसला पोचेपर्यंत दिवेलागण झाली.