चढावर गाडी मागे येते? हँडब्रेक सोडताना या चुका टाळा

सुट्टीच्या दिवशी वाईहून पाचगणीला निघालात की पसरणी घाटात कुठेतरी रांग थांबतेच. मागची गाडी हातभर अंतरावर. ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे यायला लागते, घाबरून क्लच सोडला की बंद पडते. ते दोन क्षण हँडब्रेकने सांभाळायचे असतात.

बहुतेकांची चूक एकच: डावा हात घाई करतो. पुढची गाडी हलली की आधी हँडब्रेक खाली, मग क्लचची शोधाशोध. क्रम उलटा हवा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरलेला आणि क्लच सावकाश वर. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं. क्लच तिथेच रोखा. आता हँडब्रेक सोडला तरी गाडी जागेवर राहते. मग ॲक्सिलरेटर वाढवत क्लच सोडा. बॉनेट उचललं नसेल तर मागून कितीही हॉर्न वाजोत, हात हलवायचा नाही.

हँडब्रेकच्या टोकाचं बटण दबत नसेल तर झटापट नको. दांडा जरासा वर ओढा, बटण दाबा, खाली न्या.

काही जण हँडब्रेकला हातच लावत नाहीत, हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. कौशल्य वाटतं खरं, पण झिजते क्लच प्लेट. करपल्याचा वास आला की समजा. रांग हलत नसेल तर सरळ न्यूट्रल आणि हँडब्रेक.

गाडी बंद पडलीच तर आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, मग स्टार्टर.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 15 नुसार चढावर थांबून, मागे न येता पुन्हा निघणं हा लायसन्सच्या चाचणीचाच भाग आहे. माझी चाचणी झाली त्या मैदानात स्पीडब्रेकरपेक्षा उंच काही नव्हतं!

सगळं बरोबर करूनही हँडब्रेकवर गाडी सरकत असेल तर तो अर्धवट ओढलाय का बघा. दांडा पूर्वीपेक्षा बराच वर येत असेल तर केबल सैल झालेली असते किंवा मागच्या चाकांचे ब्रेक लायनर झिजलेले. घाटात जायच्या आधी मेकॅनिककडून ॲडजस्ट करून घ्या.