भाषाशास्त्रातून संगणकशास्त्राच्या पीएचडीकडे: अर्ज कसा करावा

मी पुण्यात भाषाशास्त्रात एमए केलं आणि आता अमेरिकेत संगणकशास्त्रात पीएचडी करतेय. बीटेक नाही म्हणून अर्जाच्या वाटेलाच न जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी विभागाची पात्रतेची अट नीट वाचा. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत पदवी संगणकाचीच हवी असं नसतं. पण अल्गोरिदम, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता येतात याचा पुरावा लागतो. एनपीटेलचा (आयआयटी आणि आयआयएस्सीचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) कोर्स करून परीक्षाही द्या.

खरा जीव ओता तो स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे कोणतं संशोधन करायचंय आणि का, हे सांगणाऱ्या निबंधात. ‘मला लहानपणापासून संगणकाची आवड’ हे वाक्य खोडून टाका. मी लिहिलं ते असं: मराठी वाक्यं हाताने टॅग करताना (शब्दांची व्याकरणिक माहिती नोंदवताना) ‘ने’ लागलेला कर्ता आला की पार्सर, म्हणजे वाक्यरचना उलगडणारा प्रोग्राम, क्रियापद भलत्याच नामाला जोडायचा, त्या चुकांची वर्गवारी कशी केली, त्यातून कोणता प्रश्न उरला. तुमची वेगळी पार्श्वभूमी इथेच कामी येते. तिची माफी मागत बसू नका.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक तरी तुमचं संशोधन जवळून पाहिलेल्या माणसाचं हवंच. सप्टेंबरातच विचारा, कारण बहुतेक मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात.

जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी आता लागत नाही. अर्जाची शुल्कमाफी मिळत असेल तिथे बिनधास्त मागा.

आर्थिक साहाय्यासह प्रवेश मिळाला, तर उत्तरासाठी बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत वेळ देतात. तोवर ज्यांच्याकडे काम करणार त्या प्राध्यापकांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलून घ्या.