गीझरचं बिल कमी करायचं तर मिनिटं मोजा: थर्मोस्टॅट आणि टायमर नीट लावण्याची पद्धत

दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट होतं. हा एक हिशोब डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं. मुंबईच्या घरांत सहसा १५ किंवा २५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर असतो. खात्रीसाठी त्याच्या अंगावरची पट्टी वाचा, लिटर आणि वॉट दोन्ही तिथे छापलेले असतात. बोर्डावरचं बटण किती वेळ चालू होतं ते मोजू नका. गीझरवरचा तापण्याचा दिवा किती वेळ पेटलेला होता ते मोजा.

जानेवारीतल्या सकाळी टाकीचं पाणी २५ अंश आणि आंघोळीचं ४० अंश धरू. १८ लिटरची बादली एवढी तापवायला ०.३१ युनिट लागतं, म्हणजे साधारण साडेनऊ मिनिटं. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या अंशांना तापणं थांबवणारा भाग, ५० वर असो की ७५ वर, बादलीतली उष्णता तेवढीच. पाणी जास्त कढत असेल तर त्यात गार पाणी जास्त ओतावं लागतं, एवढाच फरक.

वाया जातं ते मागे राहिलेलं पाणी. आंघोळ चालू असताना बटण चालूच राहिलं, तर काढलेल्या कढत पाण्याच्या जागी गार पाणी आत येतं आणि तेही तापतं. शेवटचा माणूस टॉवेल घेऊन बाहेर येतो तेव्हा टाकी पुन्हा काठोकाठ कढत झालेली असते. ७५ अंशांवर लावलेल्या १५ लिटरच्या टाकीत तेव्हा ०.८७ युनिट साठलेलं असतं आणि ते कोणालाच नको असतं.

त्यातलं दुसऱ्या दिवसापर्यंत किती टिकतं हे गीझरच्या आवरणावर अवलंबून आहे. ते घरीच तपासता येतं. सकाळी आंघोळी झाल्यावर गीझर दिवा विझेपर्यंत तापू द्या, बंद करा आणि दिवसभर गरम नळ उघडू नका. दुसऱ्या दिवशी चालू करण्याआधी गरम नळ सोडा, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या आणि मग स्टीलच्या मगात पाणी धरून स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने मोजा. ७५ चं ५० झालं असेल तर आवरण ठीक आहे. ३५ वर आलं असेल तर रोज ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिटं नुसती बाथरूमच्या हवेत जातात. नवा गीझर घेताना स्टार लेबलवरचा २४ तासांच्या उष्णतागळतीचा आकडा वाचा. तारे मोजण्यापेक्षा दोन गीझरांचे हे आकडे शेजारी ठेवून पाहिलेले बरे.

‘दिवसभर चालू ठेवलं की पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही, म्हणून स्वस्त पडतं,’ असं अनेक घरांत सांगतात. ते खरं नाही. पाणी जितकं जास्त वेळ कढत, तितकी गळती जास्त. बंद ठेवून नंतर तापवताना गळलेली उष्णताच तेवढी भरावी लागते, आणि निवत चाललेल्या टाकीतून गळतही कमीच असते.

वाचवलेलं युनिट बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यातून वजा होतं हेही लक्षात घ्या. पुरवठा बेस्टचा असो, अदानीचा, टाटा पॉवरचा की मुलुंड-भांडुपसारखा महावितरणचा, घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ३१५ युनिटं येणाऱ्या घराला २० युनिटांची बचत बरीच जाणवते.

थर्मोस्टॅटकडे वळू. बाहेर नॉब असेल तर काम सोपं. नसेल तर तो खालच्या झाकणाच्या आत असतो. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. वॉरंटी संपली असेल तर आधी एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा त्या लाइनचा खटका, खाली पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि आत फेज, म्हणजे शॉक देणारी तार, जिवंत राहते. झाकण काढल्यावर टेस्टरने तपासून मगच हात घाला. थर्मोस्टॅटच्या मधोमध स्क्रूड्रायव्हरची खाच असते, शेजारी अंश किंवा नुसते कमी-जास्तचे खुणेचे बाण. थोडंसं फिरवा, झाकण लावा, दिवा विझेपर्यंत तापवा आणि मगात पाणी धरून मोजा. खुणांवर विसंबू नका, थर्मामीटर सांगेल तेच खरं.

जवळच एक छोटं दाबायचं बटण दिसलं तर तो थर्मल कटआउट. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की तो वीज तोडतो. एकदा पडला तर दाबून पाहा. पुन्हा पडला तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले असण्याची शक्यता आहे, मग तो बदलायचा. कटआउट काढून वायर थेट जोडून देणारा वायरमन भेटला तर त्याला नाही म्हणा. बंद टाकीत पाणी उकळलं तर टाकी फुटते.

थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा? आमचं मत ६०. त्याखाली फार उतरलं तर कोमट, साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा फुफ्फुसांना बाधणारा जिवाणू वाढू शकतो. म्हणून वरची मर्यादा ६० ठेवायची आणि रोजची काटकसर वेळेवर सोपवायची. आठवड्यातून एकदा मात्र दिवा विझेपर्यंत तापू द्या. गणपतीला कोकणात जाऊन आठवड्याने परतलात, तर पहिल्या आंघोळीआधीही तसंच करा.

वेळेचा नियम लक्षात ठेवायला अगदी सोपा आहे: २००० वॉटच्या गीझरला जितके लिटर तितकी मिनिटं. १५ लिटरला १५, २५ लिटरला २५ मिनिटं. एवढ्यात पाणी सुमारे २९ अंशांनी चढतं, म्हणजे २५ चं ५४ होतं. पुढच्या प्रत्येक बादलीला आणखी १० मिनिटं धरा. शेवटचा माणूस आत जाताना बटण बंद. चौघांच्या घरात १५ लिटरच्या गीझरला ४५ मिनिटं पुरतात, दीड युनिट. शॉवर असेल तर हे गणित बिघडतं: मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर सहा मिनिटांत अडीच बादल्यांहून जास्त पाणी घेतो.

रोज ७:१२ ची लोकल पकडणाऱ्या घरात ठरावीक वेळेचा टायमर चालतो. बाकीच्यांनी उलट मोजणारा घ्यावा: बटण दाबलं की २०, ३० किंवा ४५ मिनिटांनी आपोआप बंद. सुट्टी असो की रात्रपाळी, तो चुकत नाही. पिनांचा यांत्रिक टायमर वीज गेली की तिथेच थांबतो आणि मग तितका मागे पडून चालतो, त्यामुळे बॅटरी असलेला डिजिटल बरा. वायफायचा घेतलात तर वीज परत आल्यावर ‘बंद’ राहण्याची सेटिंग आधी करा, नाहीतर तुम्ही ऑफिसात आणि गीझर चालू.

क्षमतेत तडजोड नको. २००० वॉटला ८.७ अँपिअर लागतात, ३००० वॉटला १३. म्हणून टायमर आणि सॉकेट दोन्ही १६ अँपिअरचे, तांब्याची वायर २००० वॉटला २.५ चौरस मिलिमीटर आणि ३००० वॉटला ४. दिव्यापंख्यासाठीचा ६ किंवा १० अँपिअरचा स्मार्ट प्लग इथे वितळू शकतो. महिनाभराने प्लगच्या पिना पाहा. तपकिरी झाल्या असतील तर सॉकेट सैल आहे. टायमर बाथरूमच्या बाहेर लावा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा खटका, असू द्या.

तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरला टायमरने फार काही साधत नाही, तिथे सगळा ताबा नळावर. ३००० वॉटमध्ये पाणी १५ अंशांनी चढायला धार मिनिटाला जेमतेम तीन लिटर हवी. नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट येतं आणि गीझर बिघडला असं वाटतं.

संध्याकाळी गीझर लावण्याआधी नळाखाली हात धरून पाहा. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात असते, हिवाळ्यातही कित्येकदा तेवढंच पाणी पुरतं.

ठरलेल्या मिनिटांत पाणी तापत नसेल तर आधी व्होल्टेज तपासा. २३० चं २०७ झालं तर एलिमेंटची, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलची, ताकद ८१ टक्क्यांवर येते. वेळ वाढतो, युनिटं मात्र तेवढीच. महापालिकेचं तलावांचं पाणी मृदू असतं, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेल असेल तर एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो. त्याने बिल फारसं वाढत नाही, एलिमेंट मात्र आतून जळतो आणि कटआउट वारंवार पडतो. अशा घरांत दरवर्षी टाकी उघडून साफ करून घ्या आणि त्याच वेळी टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड पाहा. झिजून तार दिसू लागली असेल तर बदला. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी ठिबकणं ठीक आहे, कारण १५ लिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापताना सुमारे १४० मिलिलिटर फुगतं. गीझर बंद असतानाही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो किंवा उंच इमारतीत पंपाचा दाब जास्त असतो. व्हॉल्व्ह साफ करूनही थांबलं नाही तर प्लंबरकडून गीझरच्या आधी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड बूच लावून कधीही बंद करू नका.